तीन नंबरचं पिंप

४ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार,

सोबतच्या खोक्यात तीन छोट्या बाटल्या आहेत. लाकडाच्या भुशात बसवल्या आहेत, तेव्हा खोकं कृपया उलटं धरून उघडू नये.

आपण बार जावईबापूंच्या आणि आमच्या लेकीच्या हाती सोपवणार, आणि त्या दिवशी बारच्या नावाची खास एका पिंपाची बर्बन व्हिस्की बाहेर काढणार, हे कळल्यापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही. मी या गोदामात बावीस वर्षं पिंपं सांभाळतोय, पण घरच्या माणसासाठी पिंप काढायची वेळ पहिल्यांदाच आली. 

आपण उभा जन्म काउंटरमागे काढलात, आपल्याला मी काय शिकवणार? तरी सांगायची पद्धत आहे म्हणून सांगतो. नेहमीची बर्बन पुष्कळ पिंपं एकत्र करून होते. एकात काही कमी पडलं तर दुसरं सांभाळून घेतं. एका पिंपाच्या बर्बनला असा आधार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकाच दिवशी, एकाच भट्टीतून, आतून एकसारख्या जाळलेल्या ओकच्या लाकडात भरलेली पिंपंसुद्धा आठ वर्षांनी सख्ख्या भावांसारखी वेगवेगळी निघतात. आणि कागदावर सही झाली की अख्खं पिंप घ्यावं लागतं. सगळ्या बाटल्या आपल्या, परत घेत नाहीत. मुलांची सुरुवात त्यावरच होणार, म्हणून घाई नको.

एक नंबर तळमजल्यावरचं, थंड जागेतलं. दोन नंबर मधल्या मजल्यावरचं. तीन नंबर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, अगदी पत्र्याखालचं. त्याने आठ उन्हाळे तिथे काढले आहेत. वरच्या उकाड्यात त्यातलं निम्म्याच्या आसपास उडून गेलं, राहिलं ते भलतंच कडक आहे. लाकूडही त्यात पुष्कळ उतरलंय. ते आम्ही सहसा बाहेरच्या कुणाला दाखवत नाही, पण आपण घरचे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. असो.

मी माझं मत देणार नाही. आपला शब्द अखेरचा. फोन मुद्दामच करत नाही. एक तर गोदामात दारूच्या वाफा असतात म्हणून फोन फाटकावर ठेवावा लागतो, आणि दुसरं, आपण बोलायला लागलात की मला नुसतं हो म्हणावं लागतं.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
गोदामातला व्याही

*

१२ फेब्रुवारी

प्रिय व्याहीबुवा,

खोकं उलटंच धरून उघडलं. भुसा अजून सोफ्यातून निघतोय आणि सौ. अजून बोलतेय. बाटल्या मात्र शाबूत आहेत.

सकाळी अकराला बसलो. तोंडात सकाळपासून काही चरचरीत नाही, अंगाला अत्तर नाही, निमुळते ग्लास, प्रत्येकावर बशी झाकलेली. सगळं शास्त्रशुद्ध. सौ. म्हणाली, एवढी तयारी तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हा केली नव्हती.

एक नंबर बरी आहे. दोन नंबरही बरी आहे. पण तीन नंबर! अहो, काय ते! पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले. तिसरा घोट घेतला नाही, कारण इतकं सुख एका दिवशी बरं नव्हे. लाकूड म्हणाल तर भरपूर. अगदी भरपूर. संपता संपत नाही अशी चव, दुपारच्या जेवणाला होती, चहाला होती, रात्री दात घासल्यावरही होती.

तुमचा मोठेपणा मला कळला बरं का. मत देणार नाही म्हणालात, आणि एक नि दोन नंबरला अर्धी अर्धी ओळ नि तीन नंबरला पाच ओळी! बाहेरच्याला न दाखवायचा ठेवा तुम्ही आमच्यासाठी काढलात. आम्ही काय इतके अडाणी आहोत?

तीन नंबरच घ्यायचं. कागद पाठवून द्या.

आपला,
बारवाला व्याही

*

१८ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार,

आपलं पत्र दोनदा वाचलं. मग सौ.ला वाचायला दिलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

आपली निवड थोर आहे. तीन नंबर पेलायला जीभ तशीच लागते. आमच्या इथे फार थोड्यांना ती आवडते. खरं तर इथे अजून कुणाला आवडल्याचं मला आठवत नाही, पण म्हणून काय झालं, पारखी असतोच मुळात विरळा.

तरी एक विनंती. आणखी एकदा तिन्ही नमुने चाखून पाहावेत. हवा बदलली की जीभही बदलते. दोन थेंब पाणी घालून पाहावं. रिकामा ग्लास रात्रभर तसाच ठेवून सकाळी त्याचा वास घ्यावा, त्यात पुष्कळ कळतं. एखाद्याला दुसऱ्या दिवशी दोन नंबरही आवडू शकते. असं होतं कधीकधी. मी काही सुचवत नाही.

कागद सोबत आहे. सही लगेच करायलाच हवी असं नाही.

आपला,
गोदामातला व्याही

*

२५ फेब्रुवारी

प्रिय व्याहीबुवा,

किती हो तुमची नम्रता! स्वतःचं लाडकं पिंप देताय आणि वर म्हणताय पुन्हा विचार करा. मुलीच्या वेळीही तुम्ही असंच केलं होतं. "तिला स्वयंपाक येत नाही, ती हट्टी आहे, सकाळी लवकर उठत नाही," असं चारचौघांत सांगितलंत. आम्ही तुमचं ऐकलं नाही म्हणून आज घरात इतकी गुणी सून आहे. (स्वयंपाक येत नाही हे मात्र खरं निघालं.)

तुमच्या आज्ञेप्रमाणे पुन्हा चाखली. पाणीही घातलं. रिकामा ग्लास रात्रभर ठेवला, सकाळी वास घेतला. नवं कपाट घरी आल्यावर पहिल्यांदा दार उघडतो ना, अगदी तसा. कपाट मला आवडतं.

सही करून कागद पाठवतोय. आता मागे वळून पाहणे नाही.

आपला,
बारवाला व्याही

*

३ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार,

मी विहीणबाई लिहितेय. हे पत्र यांना न सांगता लिहितेय, कारण सांगितलं असतं तर यांनी शुद्धलेखन तपासलं असतं.

तुमचं पिंप यांना आवडलेलं नाही. पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "कपाट चाटल्यासारखं वाटलं." मग दहा मिनिटं खिडकीत तोंड उघडून उभे राहिले. मग बसून तुम्हाला ते वाः वाः लिहिलं. मी म्हटलं, अहो, खरं लिहा. तर म्हणाले, "मुलीच्या बापाने प्रेमाने ठेवा काढून दिलाय, त्याला नावं ठेवू? सूनबाईला काय वाटेल?"

एक नंबरची बाटली यांनी दाढीच्या सामानामागे लपवली आहे. रोज संध्याकाळी आत जातात आणि शिट्टी वाजवत बाहेर येतात.

मी दारूला हात लावत नाही, मला तुमच्या एक-दोन-तीनमधलं काही कळत नाही. पण माणसं कळतात. तुमचं "मी काही सुचवत नाही" वाचलं तेव्हाच मनात आलं की तुम्हालाही ते पिंप नको आहे. भीड भिकेची बहीण, व्याहीबुवा. तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसाल आणि मुलं ते कपाट वर्षभर विकत बसतील. सहा महिने झाले ती दोघं बारच्या भिंती स्वतः रंगवताहेत. त्यांच्यासाठी तरी तोंड उघडा.

तुमची,
विहीणबाई

*

६ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार वगैरे नंतर.

तीन नंबर मी संख्या भरायला पाठवलं होतं हो! नमुने तीन दाखवायचे असा इथला नियम आहे. तिसरं चांगलं पिंप हाताशी नव्हतं, म्हणून पत्र्याखालचं ते काढलं. बाहेरच्याला दाखवत नाही ते लाजेपोटी! आपण घरचे, समजून घ्याल, असं मला म्हणायचं होतं. पाच ओळी लिहिल्या त्या अपराध्यासारखं वाटत होतं म्हणून. आणि तुम्ही त्यालाच मिठी मारलीत. तुमचं "अहो, काय ते!" वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. व्याह्यांची जीभ गेली, हे लेकीला कसं सांगावं, याच विचारात होतो.

आता विहीणबाईंनी डोळे उघडले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. कागद अजून माझ्याच खिशात आहे, साहेबांकडे पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे. तो फाडतो. आता स्पष्टच सांगतो. घ्यायचं तर दोन नंबर. मधला मजला म्हणजे पिंपाला सगळ्यात मानवणारी जागा. आधी करपवलेल्या साखरेचा वास, मग दालचिनी, मग शेवटी सावकाश येणारं लाकूड. सगळं वेळेवर आणि आपापल्या जागी. त्या पिंपाजवळून जाताना मी अजून त्याच्या पाठीवर थाप मारतो.

एक नंबर आपल्याला आवडतं असं कळलं. ते गोड आहे, पण पोरकट आहे. तळमजल्याच्या गारव्यात आठ वर्षं नुसतं झोपून होतं. आपल्यासारख्या जाणकाराला ते कसं आवडलं याचं नवल वाटतं.

आपला,
गोदामातला व्याही

*

९ मार्च

व्याहीबुवा,

पोरकट??

तुमचं पत्र वाचून आधी मी इतका हसलो की सौ. धावत आली. मग शेवटचा परिच्छेद वाचला.

एक नंबर पोरकट नाही, समजूतदार आहे. घशाला न ओरबाडता खाली उतरते, आणि उतरल्यावर हळूच सांगते की मी आले होते. व्हॅनिला आहे, पिकलेलं नासपती आहे, ऊन खाल्लेल्या गवताचा वास आहे. माझ्या बारमध्ये दिवसभर दमून माणसं येतात. त्यांना गोंजारणारं काही तरी हवं असतं. तुमचं दोन नंबर म्हणजे शाळेतला हुशार मुलगा. सगळी उत्तरं बरोबर, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याशी कुणी खेळत नाही.

बावीस वर्षं पिंपं सांभाळलीत म्हणून गिऱ्हाईक कळतं असं नाही. मी गिऱ्हाईकांची तोंडं बघत म्हातारा झालोय.

रविवारी या. दोन्ही बाटल्या मांडून बसू आणि काय ते ठरवू. मी माघार घेणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. येताना भुसा आणू नका.

तुमचा,
व्याही

ता.क. मुलांचं लग्न होऊन वर्ष झालं, आपण आज पहिल्यांदा भांडतोय. मला फार बरं वाटतंय. तुम्हाला?

*

११ मार्च

दोन्ही बाबांना,

एकच पत्र दोन प्रतींत लिहितेय. एक प्रत पोस्टाने आमच्या बाबांना, आणि एक इथेच काउंटरवर, ज्यांना आजकाल शिट्टी वाजवायची सवय लागलीय त्यांना.

तुमची सगळी पत्रं आईंनी आम्हा दोघांना वाचून दाखवली. आम्ही पोट धरधरून हसलो. मग तुमचे जावईबापू म्हणाले, "बार आपला ना? मग आपल्याला कुणी विचारलंय का?"

खरंच, कुणी विचारलं नाही. आधी तुम्ही एकमेकांचा मान राखण्यात गुंग होता, आता भांडण्यात गुंग आहात. राग नाही आला. थोडा आला.

तर काल दुपारी बार उघडायच्या आधी आम्ही दोघं बसलो. नमुन्यांत उरलं होतं तेवढं पुरलं. (दाढीच्या सामानामागची बाटली आईंनी आणून दिली. ती जवळजवळ रिकामी होती, बाबा.) कुठल्या ग्लासात काय आहे ते दिसू नये म्हणून आईंनीच आमच्यामागे ग्लास भरले आणि खाली कागदावर नंबर लिहून ठेवले. नुसती चाखली तेव्हा यांनी एक नंबर निवडली आणि मी दोन नंबर. रक्त बोलतं, दुसरं काय. आमचंही भांडण व्हायच्या बेतात होतं.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "अरे, पण आपल्याकडे अशी नुसती पितं कोण?"

बाबा, तुमच्या गोदामात सकाळी निमुळत्या ग्लासात, झाकण ठेवून, जीभ धुऊन चाखतात. आणि बाबा, तुम्ही बर्फाला पाप मानता, म्हणून तुमच्यासमोर कुणी मागत नाही. पण तुम्ही आत गेलात की दहातले आठ जण बर्फ मागतात. मी आणून देते ना, मला माहीत आहे.

म्हणून पुन्हा ग्लास भरले, आणि या वेळी बर्फ घातला. लगेच चाखली नाही. लोक ऑर्डर देऊन गप्पा मारतात, तसं आम्हीही बसलो, बर्फ अर्धा विरघळू दिला. एक नंबरचं साखरेचं पाणी झालं. दोन नंबर तोंड पाडून बसलं. आणि तीन नंबर? ते कपाट उघडलं! लाकूड मागे सरलं, भाजलेले शेंगदाणे आले, संत्र्याची साल आली, आणि खाली कडक काही तरी शेवटपर्यंत उभंच होतं, वितळलेल्या बर्फाला दाद न देता. आम्ही दोघांनी एकदमच तो ग्लास पुढे ढकलला. आईंनी खालचा कागद बघितला आणि डोक्याला हात लावला.

कानामागून आली आणि तिखट झाली. बाबा, आठ वर्षं पत्र्याखाली तापून ते पिंप वाया गेलं नाही. ते बर्फाचीच वाट बघत होतं.

आम्हाला तीन नंबर हवंय. सहीचा कागद फाडला असेल तर नवा पाठवा. यावेळी सही आम्ही करू. आणि रविवारी जरूर या, पण जेवायला.

तुमची,
लेक आणि सून (दोन्ही एकच)

*

१४ मार्च

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. मी बर्फ मागवला. गोदामात बर्फ मागितलेला पाहून शिपायाने मला ताप आलाय का विचारलं.

ग्लास भरला, तुझ्या सांगण्याप्रमाणे थांबलो, चाखली. मग वरच्या मजल्यावर चढून गेलो आणि त्या पिंपापाशी बराच वेळ उभा राहिलो. त्याला मी आठ वर्षं वाईट म्हणत होतो गं. बूच काढून दर वर्षी एकदा चाखायचो, तोंड वाकडं करायचो आणि बूच लावायचो. चूक त्याची नव्हती. मीच त्याला नेहमी एकच प्रश्न विचारत होतो.

तुझा अभिमान वाटतो. तू लहानपणी या मांडण्यांमध्ये लपाछपी खेळायचीस तेव्हा मी ओरडायचो, त्यातलं काही तरी नाकातून आत गेलं असणार.

कागद फाडला नव्हता. फाडतो असं लिहिलं होतं, पण गोदामाची सवय, कागद फाडवत नाही. त्यावर तुझ्या सासऱ्यांची सही आहे, म्हणून नवा पाठवतोय. जुना मी फ्रेम करून त्यांना भेट देणार आहे, खाली लिहून, "इतकं सुख एका दिवशी बरं नव्हे."

व्याहीबुवांना सांग, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. आणि हेही सांग, की त्यांचं एक नंबर अजूनही पोरकटच आहे.

तुझा,
बाबा

*

२१ एप्रिल

प्रिय व्याहीबुवा,

काल बार मुलांच्या हाती दिला, आणि तुम्ही सातच्या गाडीसाठी निघून खरी मजा चुकवलीत, म्हणून लिहितो.

तुम्ही होतात तोवर मी नुसता बघत बसलो होतो. बाटल्यांवर पिंपाचा नंबर आणि मजला मुलांनी हाताने लिहिलाय, ते छान दिसतं. लोक विचारत होते, "पत्र्याखालची म्हणजे काय?" आणि सूनबाई प्रत्येकाला नव्याने सांगत होती, न कंटाळता. चिरंजीव प्रत्येकाला म्हणत होता, "बर्फ घाला, आणि जरा थांबा." एकजण थांबायला तयार नव्हता, तर याने त्याच्या ग्लासावर हात ठेवला. गिऱ्हाईकाच्या ग्लासावर हात! मी मध्ये पडायला उठलोच होतो. तो माणूस हसला, थांबला, प्यायला, आणि त्याने दुसरी मागितली.

तुम्ही गेल्यावर मीही मागितली. बर्फ घालून, दहा मिनिटं थांबून. आणि व्याहीबुवा, आता आपल्यात लपवाछपवी नाही म्हणून सांगतो, मला ती अजूनही आवडली नाही. मी चिरंजीवाला तसं सांगितलं. म्हटलं, बाळा, मला काही ही पटत नाही. तो म्हणाला, "बाबा, चालेल. ती तुमच्यासाठी नाहीच आहे."

खूप लागलं मला. आधी जिथे बसलो होतो तिथेच बसून भोवती बघू लागलो. त्या भिंतींना मी कधी असा रंग दिला नसता. ते दिवे मी लावले नसते. तो कोपऱ्यातला बाक मी कधीच काढून टाकला असता, आणि त्यावर काल चार पोरी दाटीवाटीने बसून हसत होत्या. हळूहळू जे लागलं होतं ते कमी झालं. मग बरंच वाटायला लागलं.

निघायला उठलो, तर चिरंजीवाने बिल पुढे ठेवलं.

मला वाटलं, थट्टा करतोय. हसलो. तो हसला नाही. नीट, अदबीने उभा होता, कुठल्याही गिऱ्हाईकासमोर उभा असतो तसा. तुम्हाला माहीत नाही, पण मला हे कधीच जमलं नाही. भाऊ यायचे, मेहुणे यायचे, शाळेतले मित्र यायचे, आणि मी म्हणायचो, राहू दे रे, घरचं आहे. बार दोनदा बुडता बुडता वाचला तो या "राहू दे" पायी. सौ.ने दोन्ही वेळा आपल्या बांगड्या काढून दिल्या होत्या. पोरगा तेव्हा लहान होता, पण बघत होता, हे मला काल कळलं.

मी खिशातून पैसे काढले. त्याने घेतले, सुटे परत दिले, "पुन्हा या" म्हणाला. मी बाहेर फुटपाथवर आलो आणि तिथे उभा राहून ढसाढसा रडलो. सौ. मागून आली, तिला वाटलं मला जास्त झाली. तिला म्हटलं, अगं, त्याने माझ्याकडून पैसे घेतले. पूर्ण घेतले. आपली पोरं बार चालवणार. तीही रडायला लागली. येणारे जाणारे बघत होते.

तेव्हा व्याहीबुवा, आपली काळजी मिटली. तुमच्या तीन ग्लासांचे पैसेही त्याने माझ्याच बिलात लावले होते. ते तेवढे पाठवून द्या.

तुमचा,
व्याही